दोन गाड्यांचं एक पोट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एका इमारतीच्या मागे पत्र्याची शेड आहे. आत शिरताना मान वाकवा, कारण त्या दाराच्या चौकटीचं मोठ्या माणसांच्या कपाळाशी जुनं वैर आहे. आत रॉकेलचा वास आहे. छताला एक पिवळा दिवा लोंबतोय. आणि मधोमध, लाकडी फळ्यांवर उभी केलेली एक मोटरसायकल. ती मोटरसायकल आहे हे मी सांगतोय म्हणून तुम्ही मानायचं. एरवी तुम्ही म्हणाला असतात, हा कुठला गंजका सांगाडा? चाकांत हवा नाही, सीटच्या जागी गोणपाट, टाकीला खड्डे, आणि खाली इंजिनाच्या जागी तेल-मातीचा एक काळा गोळा.

दिसली? आता तिच्यासमोर उलट्या डब्यावर बसलेली मुलगी बघा. हातात दात घासायचा जुना ब्रश, शेजारी रॉकेलची वाटी, आणि नाकावर काळा डाग. तिला सगळे मिरी म्हणत. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की कळायची.

मिरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट बंद पडली की आत कुणीतरी अडकलेलं असायचं आणि ते ओरडत असायचं. दिवसभर माणसांची ओरड ऐकत, अंधाऱ्या खोल पोकळीत, ग्रीस लागलेल्या दोरांपाशी बाबा काम करायचे. संध्याकाळी त्यांना अशा यंत्रापाशी बसायचं होतं, ज्याच्या आत कुणी अडकलेलं नाही.

पण हीच गाडी का, याचं कारण वेगळं होतं. बाबा लहान असताना त्यांच्या गल्लीत एक डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे ह्याच बनावटीची गाडी होती. रविवारी सकाळी ते गल्लीतल्या मुलांना एकेक करून फेरी मारून आणायचे. मुलं रांग लावायची. बाबा सगळ्यांत लहान, म्हणून रांगेत सगळ्यांत मागे. त्यांची पाळी यायच्या आतच डॉक्टरांची बदली झाली. गाडी गेली, डॉक्टर गेले, आणि ज्या कारखान्यात ही गाडी बनायची, तो तर कधीच बंद पडला होता. मुळातच थोड्या बनल्या होत्या, त्यातल्या बहुतेकींच्या वितळवून कढया झाल्या असतील.

त्यामुळे भंगारवाल्याच्या आवारात ताडपत्रीखालून ते विशिष्ट आकाराचं हँडल बाहेर आलेलं दिसलं, तेव्हा बाबा जागच्या जागी थांबले.

"चालते का?" त्यांनी विचारलं.

"चालते की," भंगारवाला म्हणाला. "ढकलली की चालते."

ते ढकलतच घरी घेऊन आले. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "काय हो, तुम्ही भंगार आणलंत, की भंगारानं तुम्हाला आणलं?" आई खाली आली, तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बरं झालं. घर झालं, संसार झाला, पोरगी झाली, आता भंगारही झालं. काही म्हणून राहिलं नाही." पण शेडमधला दिवा जोडायला वायर तिनंच आणून दिली.

त्या दिवसापासून संध्याकाळी बापलेक शेडमध्ये. बाबांची कामाची एक रीत होती. काढलेला प्रत्येक नट ते पुन्हा ज्याच्या त्याच्या बोल्टवर दोन आटे फिरवून ठेवायचे, म्हणजे जोडी चुकत नाही. "नट-बोल्टांची सोयरीक मोडायची नाही," ते म्हणायचे. मिरीला हे पाठ झालं. पान्हा नटावर पूर्ण बसल्याशिवाय जोर लावायचा नाही, हेही पाठ झालं. गंजाला घाई चालत नाही, त्याला तेल पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं, हे तर इतकं पाठ झालं, की आई रागावली तर मिरी बाबांच्या कानात सांगायची, "आज नको बोलू. तेल पाजू, उद्या येऊ."

टाकीचे खड्डे निघाले. चाकांच्या तारा ताणून झाल्या. सीट शिवून आली. मॅग्नेटो उघडला, तर आतून अगदी ठणठणीत. मॅग्नेटो म्हणजे काय, ते सांगतो. पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. ह्या गाडीला बॅटरीच नव्हती. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांपाशी गरगर फिरायचं आणि त्यातून ठिणगी पडायची. ती डबी म्हणजे मॅग्नेटो. ह्या गाडीचा मॅग्नेटो इंजिनाच्या पोटालाच चिकटून बसायचा, म्हणून दुसऱ्या कुठल्याच गाडीचा तिला चालायचा नाही. बाबांनी पहिल्यांदा तो हातानं फिरवला आणि निळी ठिणगी पडली, तेव्हा दोघंही असे ओरडले, की आई पळत खाली आली.

शेवटी राहिला तो काळा गोळा. इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग, ज्याच्या आत मुख्य दांडा फिरतो आणि तेल राहतं. कारागीर त्याला केस म्हणतात. मिरी त्याला पोट म्हणायची. पोट साफ करायचं काम तिनं मागून घेतलं होतं.

शाळेतून आली की ती रॉकेलची वाटी घेऊन बसायची. मातीचे पापुद्रे निघायचे, खाली घट्ट डांबरासारखं तेल, त्याखाली पुन्हा माती. किती वर्षांची कोण जाणे. हळूहळू धातू दिसायला लागला, पांढुरका, मऊ चमकीचा. कारखान्याची खूण उमटली. मिरीनं बाबांना हाक मारली नाही. सगळं चकाचक करायचं आणि मगच दाखवायचं, असं तिचं ठरलं होतं.

झालं. तिनं कोरड्या फडक्यानं शेवटचा हात फिरवला आणि बाबांना ओढत आणलं. बाबा खाली वाकले. त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढून प्रकाश टाकला. प्रकाश एका जागी थांबला.

पोटावर एक रेघ होती. डोक्याच्या केसासारखी बारीक, एका बोल्टच्या भोकापासून निघालेली, पार खालपर्यंत गेलेली. बाबांनी आत थोडं तेल ओतलं. रेघ ओली झाली. मग तिच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पडला.

"बाबा, मी फोडलं?" मिरीनं विचारलं.

बाबांनी उत्तर द्यायला जरा वेळ लावला. ते रेघेकडे बघत होते, इतकंच. मनात दुसरं काही नव्हतं. पण मुलांना असा वेळ फार मोठा वाटतो, हे मोठ्या माणसांच्या लक्षात राहत नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "ही फट जुनीच आहे. घाणीनंच बुजली होती. घाण होती म्हणून तेल आत राहत होतं."

"मग मी साफ केलं नसतं तर?"

"तर भर रस्त्यात कळलं असतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मिरीनं मान हलवली, पण तिला ते सगळं पटलं नाही. ब्रश तिच्याच हातात होता ना.

वेल्डिंगवाल्यानं केस हातात घेऊन नखानं वाजवली. "जुना धातू आहे. तेल प्यायलाय नुसता. मी ज्योत लावली, की ही फट पुढे पळणार. मग माझ्या नावानं शिमगा करू नका." दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग बाबा जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथे छतापर्यंत दिवे, साखळ्या, गिअर टांगलेले होते, आणि दुकानदार त्या सगळ्याच्या मध्ये घरट्यातल्या पक्ष्यासारखा बसलेला असायचा.

"हिची केस? स्वप्नात मिळेल," दुकानदार म्हणाला. मग थांबला. "पण ऐका. एक आजोबा येतात माझ्याकडे. त्यांच्याकडे हीच गाडी आहे, सगळी शाबूत. फक्त मॅग्नेटो नाही. मी दर खेपेला नाही म्हणतो, ते दर खेपेला 'बरं, पुन्हा येतो' म्हणतात. नकाशेवाले म्हणतात त्यांना. टेकाडाच्या पायथ्याशी राहतात."

त्या आजोबांनी नोकरीभर नकाशे काढले होते. डोंगर, ओढे, पायवाटा, सगळं हातानं. जागा मोजायला ते ह्याच गाडीवरून फिरले होते, अशा वाटांनी, ज्या त्यांनी स्वतः काढेपर्यंत कुठल्याच कागदावर नव्हत्या. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून कधीतरी येणारा. घरात ते आणि त्यांची सून. ती घरीच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र, कापडांचे ढीग, आणि मागच्या बाजूला पडवीत ती गाडी.

रविवारी बाबा आणि मिरी तिथे गेले, तेव्हा आजोबांनी गाडीवरची चादर अशी काढली, जणू झोपलेल्याला उठवतायत. गाडी रंगवलेली नव्हती, चकाकतही नव्हती. पण जिथल्या तिथे सगळं होतं. पोटावर एकही ओरखडा नव्हता.

"वा," बाबा म्हणाले.

"तुमचीही चांगली असणार," आजोबा म्हणाले.

"तुमच्यापुढे काय. सीट तरी बघा ही."

"सीटचं काय, सीट कुणीही शिवतं. तुमचा मॅग्नेटो ठिणगी कशी देतो?"

"निळी."

"निळी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

असा बराच वेळ गेला. बाबा आजोबांच्या गाडीचं कौतुक करायचे, आजोबा बाबांच्या. एखाद्या लग्नघरात दोन पाहुणे एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करतात आणि दोघांचंही लक्ष एकाच खुर्चीवर असतं, तसं चाललं होतं. कारण हिशेब सरळ होता. दोन गाड्या होत्या, आणि चालू होणार होती एकच. दुसरीचा सांगाडा उरणार होता. आधी कुणी मागायचं, एवढाच प्रश्न.

मिरी कंटाळून पुढच्या खोलीत गेली. आजोबांची सून, म्हणजे काकू, पडद्याला दुमड घालत होत्या.

"काय गं, संपलं का दोघांचं?"

"नाही. काकू, आजोबा रोज गाडीचं काम करतात?"

"रोज." काकूंनी पायाखालची पट्टी थांबवली. यंत्र थांबलं तशी पडवीतली कुजबुज ऐकू यायला लागली. "सासूबाई गेल्या, तेव्हा आजोबा अंथरुणावरून उठेनात. जेवण नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही झालेलं. मग मी एक दिवस चिडून म्हटलं, ती पडवीतली अडगळ तरी हलवा, मला कापड ठेवायला जागा नाही. तिला अडगळ म्हटलं ना, तसे ताडकन उठले." काकू हसल्या, पण नीट नाही. "तेव्हापासून सकाळी उठतात, दाढी करतात, आणि पडवीत जातात. चालू होवो न होवो. मला तर वाटतं न झालेलीच बरी. झाली तर काय करतील मग?"

परत येताना मिरी बाबांच्या पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती वळून उभी राहिली.

"बाबा, आपला मॅग्नेटो आपण त्यांना देऊन टाकू या."

"आणि आपली गाडी?"

"आपली तशीही चालणार नाहीये."

"त्यांची केस मिळाली तर चालेल."

"पण मग ते उठणार नाहीत." तिनं काकूंचं सगळं बोलणं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांनी खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले. "बघू," ते म्हणाले. घरात 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहेच.

पुढच्या रविवारी मात्र बाबांनी मॅग्नेटो पिवळ्या फडक्यात बांधून बरोबर घेतला. मिरीला वाटलं, जिंकलो. ती वाटभर उड्या मारत गेली. बाबांनी मनाशी काय ठरवलं होतं, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. माणूस कधीकधी वस्तू हातात घेऊन निघतो आणि द्यायची की दाखवायची, हे दारात पोचल्यावर बघू म्हणतो.

आजोबांनी फडकं सोडलं. मॅग्नेटो दोन्ही हातांत घेऊन खालीवर केला, वास घेतला. "मी एकदा पॉइंट लावून बघू?" त्यांनी विचारलं. मॅग्नेटोच्या आत दोन बारीक टोकं असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्यांच्यामध्ये नखाच्या जाडीएवढी फट ठेवायची असते. कमी झाली तर ठिणगी नाही, जास्त झाली तरी नाही.

"अहो विचारता काय!" बाबा म्हणाले.

आजोबांनी चष्मा बदलला. छोटा पेचकस घेतला. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेपाशी नेलं, आणि ते टोक पितळेवर वाजायला लागलं. टकटकटकटक. त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं धरलं. टकटक. टोक खाचेत गेलं, निसटलं, बाजूला ओरखडा पडला. त्यांनी कोपर मांडीवर टेकवून पाहिलं. मिरीला वाटलं आपण पुढे होऊन हात धरावा, पण धरला असता तर ते जास्तच वाईट झालं असतं, हे तिला कळलं. बाबा पडवीच्या छताकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं आजोबांनी पेचकस खाली ठेवला.

"ह्याच हातानं मी ओढे काढायचो," ते म्हणाले. "केसाएवढ्या रेघेचे. एक रेघ चुकली तर पूर्ण कागद बाद." मग त्यांनी मॅग्नेटो पुन्हा फडक्यात गुंडाळला, चारी टोकं जुळवून गाठ मारली आणि बाबांपुढे सरकवला. "केस घेऊन जा तुम्ही. एक तरी चालू दे."

काकू दारात आल्या होत्या. हातात कात्री तशीच. "बाबा, आज नको," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बघू ना."

"सूनबाई, चहा टाका."

काकू हलल्या नाहीत. त्यांनी मिरीच्या बाबांकडे पाहिलं, आणि मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून. बाबांनी ते पाहिलं. मिरीनं बाबांना पाहताना पाहिलं.

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "मीच तुम्हाला हा बसवून देतो की. दोन रविवारांत गाडी चालू करतो."

"चालू तुम्ही करणार. चालवणार कोण? मी?" आजोबा हसले. "हँडल धरलं तर वाट कापायच्या ऐवजी नुसतं थरथरेल ते. घ्या, घ्या. पान्हे आणलेत ना?"

बाबांनी पुन्हा नाही म्हटलं नाही. मुलांनो, एक लक्षात ठेवा. आपल्याला मनापासून हवी असलेली वस्तू समोरचा स्वतःहून देतो, तेव्हा आपण फार खोदून विचारत नाही. बाबा वाईट नव्हते. ते फक्त रांगेत फार वर्षं उभे होते.

दुपारभर दोघांनी मिळून ते इंजिन उतरवलं. आजोबा खुर्चीवर बसून सांगत होते आणि जोक करत होते. "तो नट जरा मानी आहे, त्याला आधी गोड बोला." "अहो लिफ्टवाले, वर नाही, खाली जायचंय." बाबा हसत होते. मिरी थाळीत एकेक भाग घेत होती आणि प्रत्येक नट त्याच्या बोल्टवर फिरवून ठेवत होती. पोट सुटं झालं, तेव्हा आजोबांनी स्वतः ते पुसलं. मग ते म्हणाले, "बरं," आणि आत निघून गेले. गाडीच्या मधोमध मोठं भोक पडलं होतं. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

परत येताना मिरी बाबांच्या दहा पावलं मागून चालली. बाबांनीही वळून तिला हाक मारली नाही.

त्यानंतर शेडमध्ये काम भराभर झालं. मिरी आली नाही असं नाही. ती यायची, डब्यावर बसायची, मागितलेला पान्हा द्यायची. आई एकदा म्हणाली, "काय झालंय हिला? मिरी आहे की साखर?" बाबा म्हणाले, "अभ्यास वाढलाय." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा इंजिनात तोंड घालून बसले.

आणि एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. पहिल्या किकला नाही, पुढच्याही नाही, पण झाली. आधी एक खोकला, मग धुराचा लोट, मग तो आवाज, संथ आणि जड, जणू कुणी मोठं माणूस लाकडी जिना चढतंय. वरचे काका टाळ्या वाजवत खाली आले. गल्ली जमली. आईनं पदराला हात पुसत पुसत सीटवर एकदा बसून घेतलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते धुरावर ढकललं.

"चल," त्यांनी मिरीला म्हटलं. "पहिली फेरी तुझी."

मिरी मागे बसली. तिला आनंद झाला नाही असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल. वारा तोंडावर आला, दुकानं मागे पळाली, खाली ते पोट घुमत होतं आणि त्याची धडधड तिच्या पायांतून वर येत होती. पण तिला माहीत होतं, ही धडधड कुणाच्या घरातून आली आहे. तिनं बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"टेकाडाकडे घे."

"उद्या जाऊ."

"आत्ता."

बाबांनी गाडी वळवली. दारात येऊन त्यांनी इंजिन लगेच बंद केलं नाही. थोडा वेळ चालू ठेवलं, आतून कुणी बाहेर येईल म्हणून. शिलाई यंत्र बंद होतं. काकू बाहेर आल्या, एकट्या.

"ऐकू गेलं त्यांना," त्या म्हणाल्या. "या, आत या. उठतील असं काही मला वाटत नाही."

"बरं नाही का?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गेलात, तेव्हापासून असंच आहे, दादा. दाढीसुद्धा केली नाही."

आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता. आजोबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारी चहा होता, वर साय धरलेला. बाबा पलंगाशी उभे राहिले. त्यांनी हातमोजे काढले आणि ते कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"आजोबा, गाडी आणलीय. दाखवायला."

"आवाज चांगला आहे," आजोबा भिंतीला म्हणाले.

"मी परत बसवून देतो सगळं. तुमची केस, आमचा मॅग्नेटो, सगळं तुमच्या गाडीला. ह्याच आठवड्यात."

आजोबांनी पांघरूण खांद्यावर ओढलं.

"खरंच सांगतोय. मी तेव्हाच..."

"नको," आजोबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चालू आहे ती, चालू राहू दे. मला जरा पडू दे आता."

बाबा खुर्चीवर बसले. लिफ्टमध्ये माणूस अडकला, तर काय करायचं, हे त्यांना माहीत होतं. वरचा ब्रेक सोडायचा, चाक हातानं फिरवायचं, खोका मजल्याला आणायचा, दार उघडायचं. इथे त्यांना कुठे हात घालावा ते सुचेना. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पडद्याचं एक कापड त्यांच्या खांद्यावर तसंच राहिलं होतं.

मिरी तिथून निघाली आणि पडवीत आली.

चादर घडी करून बाजूला ठेवलेली होती. गाडी होती तशीच उभी, मधोमध भोक घेऊन. तिनं भोकातून हात घालून पाहिला. मग तिनं भिंतीवरची पान्ह्यांची रांग पाहिली. प्रत्येक पान्हा आपल्या खिळ्याला, लहानापासून मोठ्यापर्यंत, कुठे तेलाचा डाग नाही. ती मागच्या चाकापाशी बसली. आसाच्या नटाला कुठला पान्हा लागेल, हे तिला बघताक्षणी कळलं. तो रांगेत मधोमध होता.

तिनं त्याच्या पुढचा, एक माप मोठा, पान्हा काढला. नटावर अडकवला, सैल, अर्धवट. दोन्ही हातांनी जोर लावला. पान्हा घसरला. लोखंडावर लोखंड ओरबाडल्याचा आवाज घरभर गेला.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

"कोण आहे तिथे?" आजोबांचा आवाज आला. "काय लावलंय? नटाचे कोपरे उडवतेस काय?"

मिरीनं आवाज ऐकला. आजोबा अजून पलंगावरून उतरले नव्हते. तिनं पान्हा उचलला, पुन्हा त्याच नटावर तसाच सैल बसवला, आणि ह्या वेळी सगळं अंग टाकून ओढला.